आपले म्हणजे कोण

छोटीचं बोट टेबलाभोवती फिरत होतं. "हे आजोबा. ही आत्या. हे आत्याचे अहो. हा बाबा." प्रत्येक माणसावर बोट रोखून ती वर बघायची आणि बरोबर आलं की मोठी माणसं माना डोलवायची. दादाची मुलगी, लांबच्या शहरात वाढलेली; आजोबांच्या घरी कळत्या वयात पहिल्यांदाच आलेली. तिच्या वयाची मुलं पाढे पाठ करतात तशी ती सकाळपासून माणसं पाठ करत होती. जेवणं आटोपली होती, उष्ट्या ताटल्या अजून टेबलावरच होत्या, आणि तो नेहमीसारखा खिडकीजवळच्या स्टुलावर बसला होता. खुर्च्या माणसांपेक्षा एकानं कमी होत्या आणि अशा वेळी स्टूल कुणाचं हे या घरात कधी ठरवावं लागलं नव्हतं. बोट वळसा घालून त्याच्यापाशी आलं. थांबलं. "आणि हे?"

कुणीच काही बोललं नाही.

तेवढंच झालं. म्हणजे सांगायला गेलं तर काहीच झालं नाही. ताईच्या हातातला चमचा वाटीच्या काठावर थांबला, भावजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला, दादानं बहिणीकडे बघितलं. काका, म्हणजे छोटीचे आजोबा, मात्र आपला बहिरा कान सगळ्यांकडे करून बसले होते. जन्मभर छापखान्यात यंत्रांशेजारी उभं राहून गेलेला तो कान त्यांना म्हातारपणी फार उपयोगी पडत होता. उत्तर दुसऱ्या कुणाला तरी येत असणार असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि ती शांतता तशीच लांबत चालली होती. मावशी असती तर "हा माझ्या बहिणीचा" म्हणाली असती. पण मावशी गेल्या वर्षी गेली आणि जाताना ते वाक्यही घेऊन गेली. "अगं, ते आपलेच!" शेवटी ताई म्हणाली. "आपले कोण?" "आपले म्हणजे... आपलेच गं. जा, हात धू आधी." छोटी उठली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. जाता जाता तिनं त्याच्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत कीव नव्हती, नुसती उत्सुकता होती. एवढ्या उघड उत्सुकतेनं त्याच्याकडे या घरात आजवर कुणी बघितलं नव्हतं.

आता आपल्याला वाईट वाटेल, असं समजून तो थांबला. तसं काही होईना. उलट पोटात एकदम हलकं वाटलं. हे हलकेपण त्याच्या ओळखीचं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर केबिनच्या टपावर उभा राहून अंधाऱ्या शाफ्टमधून वरखाली करायचा, आणि लिफ्ट खाली निघते त्या पहिल्या क्षणी पायाखालची जमीन आपल्याआधी निघून जाते, तेव्हा असंच होतं. आत उभ्या असलेल्या माणसांना ते जाणवतही नाही, त्यांचं लक्ष आकड्यांकडे असतं. त्याला मात्र तो क्षण आवडायचा. त्या क्षणाला आपलं वजन कुणावरच नसतं.

आई गेली तेव्हा बापानं त्याला मावशीच्या दारात आणून सोडलं होतं. "चार दिवस राहू दे," एवढंच म्हणाला, आणि ते चार दिवस संपलेच नाहीत. लहान मूल पाहुणं म्हणून जातं तेव्हा जसं शहाण्यासारखं वागतं तसा तो पहिले काही दिवस वागला. आता तू पाहुणा नाहीस, असं पुढे त्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो तसाच वागत राहिला. घरात कुणाचीही झोप मोडणार नाही असं टाचा उचलून चालायचं, दाराची कडी दोन्ही हातांनी लावायची, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. त्याला नाव होतं, पण ते शाळेपुरतंच. घरी सगळे "अरे" म्हणत. अरे, जरा दिवा लाव. अरे, तेवढं खाली जाऊन ये. शाळेत बाईंनी नाव पुकारलं की त्याला ते दुसऱ्याच कुणा मुलाचं वाटायचं आणि तो "हजर" म्हणायला उशीर करायचा. त्याला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, टाकून बोललं नाही. अवघड होतं ते हेच. छळ झाला असता तर जगाला सांगण्यासारखं निदान काही हाताशी असतं. इथं सगळे चांगले होते आणि त्या चांगुलपणात आपले पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. कमवायला लागल्यावर त्यानं एक खोली भाड्यानं घेतली तेव्हा मावशी रडली होती. इतरांनी "बरं झालं, स्वतःच्या पायावर उभा राहिला" म्हटलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या पलंगाच्या जागी शिलाई मशीन आलं होतं.

ताई ताटल्या एकात एक घालत म्हणाली, "सगळे आहेत तोवर बोलूनच घेऊ. बाबांचं आता एकट्याचं होत नाही. बाई दिवसाची आहे, पण रात्री कोण? मी माझं घर बघू की इथं धावू? दादाला नोकरी सोडता येणार नाही." मग तिनं फडकं घेतलं आणि टेबल पुसता पुसता त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तुझं काय, एकटा जीव सदाशिव. एक खोलीच तर आहे तुझी. ती सोड नि इथंच राहायला ये. मागची खोली रिकामीच आहे. तू तर घरचाच."

"आम्हालाही निर्धास्त वाटेल," दादा म्हणाला. "परका माणूस ठेवण्यापेक्षा..." बाकीचं वाक्य त्यानं हवेत सोडून दिलं.

घरचाच. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या तो हा शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकायचा. मावशीच्या आवाजात तो मऊ यायचा, ताईच्या आवाजात भांडता भांडता यायचा, आणि काकांच्या आवाजात कधीच यायचा नाही, कितीही प्रयत्न केला तरी. तो शब्द कुणी म्हणालं की आपण काय करू, हेही ठरलेलं होतं: काहीच करायचं नाही, जणू आपल्याला माहीतच होतं असं दाखवायचं. आणि आता तो शब्द आला होता, टेबल पुसताना, डाग निघत नव्हता म्हणून फडक्यावर जोर देत देत. घरचा माणूस ही एक जागा होती. ती रिकामी झाली होती आणि ती भरायची होती. राग आला नाही. इतकी वर्षं ज्या दाराबाहेर उभे राहिलो त्याच्या पलीकडे काय आहे हे एकदा दिसलं, इतकंच. पलीकडे मागची खोली होती.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी येणार नाही राहायला."

आवाज जरा मोठाच निघाला. ताईनं फडकं ठेवलं. "अरे पण का? अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही."

"कुणी आहे का तुझं?" दादानं आवाज खाली आणून विचारलं. "म्हणजे तसं असेल तर सांग, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही."

"कुणी नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला यायचं नाही."

त्याला दिसत होतं की ते कारण शोधताहेत, आणि शोधताहेत ते त्याच्यासाठीच. रात्रपाळी असती, आजार असता, लपवलेली एखादी बाई असती, तर त्यांनी ते आनंदानं मान्य केलं असतं, वर सहानुभूती दाखवली असती. कारण नसलेला नकार त्यांना कुठे ठेवावा हे समजत नव्हतं. क्षणभर त्यालाच मोह झाला एखादं कारण देऊन टाकायचा. आजवर त्यानं अशी कितीतरी दिली होती, पोट भरलंय, झोप आलीय, मला गोड आवडतच नाही. या खेपेला त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं.

ताईचा चेहरा लाल झाला. "खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आईनं तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं."

"सारखं," तो म्हणाला. "त्या 'सारखं'मध्येच राहिलो, ताई, मी. तेवढीच खोली होती मला. आणि वासे म्हणशील तर या घराला नुसता स्लॅब आहे. असते तर मोजले असते, वेळ भरपूर होता."

भावजींना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. बाकी कुणी हसलं नाही. तो उठला, स्टूल होतं तिथं सरकवून ठेवलं, चपला घातल्या, आणि जिन्यात आल्यावर दार मागे ओढताना दोन्ही हात कडीकडे गेले तेव्हा त्यातला एक त्यानं मागे घेतला आणि दुसऱ्यानं दार जीव खाऊन आपटलं. अख्खा जिना दणाणला. दोन मजले उतरतो न उतरतो तोच खालच्या बिऱ्हाडातल्या बाई दार उघडून बाहेर आल्या. "अहो, काय पडलं वरती?"

"दार."

"वाऱ्यानं?"

"नाही. मी आपटलं."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि, का कोण जाणे, मान डोलावली.

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. काम नेहमीचंच होतं. एका उंच इमारतीत लिफ्टचे दोर बदलायचे होते, आणि तो केबिनच्या टपावर, ग्रीसच्या वासात, कमरेचा पट्टा अडकवून सकाळपासून उभा असायचा. शाफ्टला लागून घरं असतात. भिंतीपलीकडून कुणाचं भांडण येई, कुणाची शिट्टी, कुणी मुलाला दहादा एकच कविता म्हणायला लावी. इतक्या घरांच्या इतक्या जवळ आणि एकाच्याही आत नाही, हे त्याला पूर्वी टोचायचं. आता तो पान्हा खाली ठेवून ऐकत राही आणि त्याला वाटे, हेही राहण्याचं एक ठिकाणच आहे, आणि इथं आपण कुणाच्या मेहेरबानीनं उभे नाही. मग खिशात फोन थरथरे. ताईचा निरोप असे. "विचार कर." "बाबा नीट जेवत नाहीत." "आई वरून बघत असेल." शेवटचा वाचून तो बराच वेळ वर बघत राहिला, जिथं शाफ्टच्या माथ्यावर, दोर ओढणाऱ्या चाकाच्या खोलीतला पिवळा दिवा होता. मावशीनं ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर धरलेला हात त्याला आठवला, खरखरीत, लसणाचा वास येणारा. त्या हाताचं देणं त्याच्यावर होतं, नाही असं नाही. पण ते देणं त्या हाताचं होतं आणि तो हात आता नव्हता. सूड घेतोय का मी? त्यानं स्वतःला उलटसुलट तपासून बघितलं. सूड असता तर गोड लागला असता. हे गोड नव्हतं, ताठ होतं. बऱ्याच काळानं पाठ सरळ केल्यावर दुखते तसं ते दुखत होतं.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. काकांनी त्याला जन्मात कधी फोन केला नव्हता. "मी बोलतोय," ते म्हणाले, आणि मी म्हणजे कोण हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. "येतोस का आत्ता? बाई बाजारात गेलीय."

"ताईनं सांगितलंय का बोलवायला?"

"तिला कळू नये म्हणून तर आत्ता करतोय, गाढवा."

तो पोहोचला तेव्हा काका धुतलेला सदरा घालून, बूट चढवून खुर्चीत बसले होते. एका बुटाची नाडी सुटलेली होती; तिथवर हात पोहोचला नव्हता. "मला खाली ने," ते म्हणाले. "न्हाव्याकडे जायचंय. यांनी एक मशीन आणलंय, ते गालावरून फिरवतात. दाढी केल्यासारखं वाटत नाही, गवत कापल्यासारखं वाटतं. पावसाळ्यापासून मी रस्ता बघितलेला नाही. पडाल, म्हणतात."

"पडाल तर खरं."

"पडेन. माझा पाय आहे."

या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि तीन मजले होते. "पाठीवर घेऊ?" त्यानं विचारलं. "मी काय पोतं आहे?" काका म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या घरात इतकी वर्षं काढून त्या हाताचं वजन त्याला माहीत नव्हतं. ते अपेक्षेपेक्षा फार कमी निघालं. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. पहिला मजला उतरल्यावर काका कठड्याला टेकले. दम लागलेला. जिन्याच्या खिडकीतून उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता आणि वाढलेली पांढरी खुंटं चमकत होती.

"तू नाही म्हणालास ते ऐकलं मी," ते म्हणाले. "तो कान बहिरा आहे, दुसरा नाही." मग थोडं थांबून, "तुझ्या मावशीनं तुला ठेवून घेतलं ना, तेव्हा मी नको म्हणालो होतो."

"माहीत आहे."

"तिनं सांगितलं?"

"नाही. भिंतीतून ऐकू आलं होतं."

काकांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "मग?"

"मग काही नाही. हळू चालायला लागलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. काका आता क्षमा मागतील की काय, अशी त्याला भीती वाटली. मागितली असती तर त्याला ती नाइलाजानं द्यावी लागली असती. पण काका म्हणाले, "तू मला कधी आवडला नाहीस. वाईट काही नव्हतं तुझ्यात. पण सारखा असा डोळ्यांनी परवानगी मागत असायचास, मला ते बघवायचं नाही."

"मलाही तुम्ही आवडला नाहीत."

"छान," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. "या घरात एक तरी गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी होती." त्यांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. या वेळी जरा जास्त भार दिला.

न्हाव्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. न्हाव्यानं काकांना ओळखलं, ओरडून स्वागत केलं, गरम पाण्याचा टॉवेल त्यांच्या तोंडावर ठेवला, आणि टॉवेलखालून जो आवाज आला तो इतका सुखाचा होता की त्याला बाकावर बसल्या बसल्या हसू आलं. ब्रश गालावर गोल फिरत होता. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सपसप चालत होता. एक गाल झाला तेवढ्यात ताई दारात उभी राहिली, धापा टाकत, पायात घरातल्याच चपला. बाईनं रिकामं घर बघून तिला फोन केला होता. "बाबा! काय हे! आणि तू..." तिनं त्याच्याकडे बोट केलं. "राहायला यायला नको, पण असले उद्योग करायला येतोस? काही झालं असतं म्हणजे?"

"ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड," काका आरशातून म्हणाले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच होता. "तो येत नव्हता, मी बोलावलं. आणि एक ऐकून ठेव. नदीपलीकडे म्हाताऱ्या माणसांचं ते घर आहे ना, तिथं मी फोन करून जागा विचारलीय. सोमवारी जाणार आहे. तो घरी येतो का, तू येतेस का, दादा येतो का, सगळं तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"त्यांना तिथला पत्ता दे. येऊन म्हणू देत."

न्हाव्यानं वस्तरा हवेतच धरला होता. ताईनं ओठ आवळले, मग ती त्याच्याकडे वळली. "तूच डोक्यात भरवलंस ना हे?"

"नाही. पण ते जाणार असतील तर अडवणारही नाही."

ती काहीतरी लागेलसं बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिनं. मग अचानक तिच्यातली हवाच गेली आणि ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. त्यानं तिच्याकडे बघितलं. भांगात पांढरं झालं होतं, मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. ही नुसती ताई नव्हती, कुणीतरी दमलेली बाई होती, जिला कधीतरी टेबल पुसतानाच तिची जागा नेमून दिली गेली होती आणि तिला नाही म्हणायला सुचलं नव्हतं. "मग मी काय करू?" ती म्हणाली, बहुतेक स्वतःशीच. "सकाळी उठून मी करू काय?" उत्तर द्यायचा मोह त्यानं आवरला. असली उत्तरं दुसऱ्यानं दिली की त्यांची पुन्हा मागची खोली होते. त्यानं बाकावर सरकून तिला नीट बसायला जागा केली.

दुसरा गाल झाला. काकांनी हनुवटी इकडेतिकडे फिरवून बघितली. "तू जा आता," ते त्याला म्हणाले. "वर न्यायला ही आहे. आणि तिकडे भेटायला यायचं नाही हां, कर्तव्य म्हणून वगैरे."

"नाही येणार."

"उगाच आलास तर ये."

"उगाच बघू," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

दुपार कलत होती. दुकानांच्या पाट्यांवर तिरपं ऊन होतं, आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी येत-जात होती, एकाही माणसाला त्याच्याकडून काही नको होतं. आपल्याला सडकून भूक लागलीय हे त्याच्या लक्षात आलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. समोर एक साधं खाणावळीसारखं हॉटेल होतं. तो आत शिरला, मधलं टेबल निवडलं आणि खुर्चीत पाठ पूर्ण टेकून बसला. पाव आणि आम्लेट आलं. ते त्यानं भराभर संपवलं, पावाच्या कडेनं ताटली पुसून घेतली. वेटर टेबलाशी येऊन उभा राहिला. "अजून काही?"

"नको, पुरे," हे शब्द त्याच्या जिभेवर आधीच येऊन बसले होते. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला चालायला, बोलायला, नाही म्हणायलासुद्धा शिकता येतं. पण वाढणारा समोर उभा असताना अजून मागणं त्याला जमत नाही. पोट अर्धं असतानाही "नको, पुरे" म्हणून तो कितीदा ताटावर हात आडवा धरून बसला होता.

"हो," तो म्हणाला. "अजून."

"काय आणू?"

"हेच. सगळं, पुन्हा एकदा." आणि वेटर वळला तसा त्यानं मागून हाक मारली, पलीकडच्या टेबलावरच्या माणसांनी माना वळवण्याइतक्या मोठ्यानं, "आणि पाव जरा जास्त आण!"